आइसलँड रिंग रोडचं आठ रात्रींचं पॅकेज : मुक्काम घ्या, वेळापत्रक बदलून मागा

नाशिकला कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या ट्रॅव्हल एजन्सींमध्ये युरोपच्या पत्रकांशेजारी आता आइसलँडचंही पत्रक ठेवलेलं असतं. तपशील थोडे इकडचे तिकडे, पण साचा एकच. मुंबईहून विमान, केफ्लाविक विमानतळावर गाडी ताब्यात, स्वतः चालवायची, आठ रात्री, बेटाला पूर्ण प्रदक्षिणा. निघायच्या तारखा दोन, मेच्या सुट्टीतली आणि दिवाळीतली. हे परीक्षण त्या साच्याचं आहे, कुठल्या एका दुकानाचं नाही.

पाचपैकी साडेतीन. मुक्कामांची निवड आणि मार्गाचा क्रम खरोखर चांगला आहे. दीड गुण कापला तो एवढ्याचसाठी की आखणाऱ्याने किलोमीटर मोजलेत, वारा मोजलाच नाही. उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं ते जागोजागी जाणवतं.

किलोमीटरचं गणित आधी पाहू. एक नंबरचा रिंग रोड साधारण १,३२२ किमी. दक्षिणेकडच्या वाळूच्या पूरमैदानावर पूल बांधून १९७४ मध्ये तो पूर्ण झाला. आठाने भागलं तर रोजचे १६५ किमी, म्हणजे नाशिक-मुंबई एकदा. ऐकायला काहीच नाही. पण गोल्डन सर्कलचा (थिंगवेट्लिर, गेसिर, गुल्फॉस या तीन ठिकाणांचा) फेरा सुमारे २३० किमीचा, देत्तिफॉस धबधब्याचा फाटा वेगळा, स्नाइफेल्सनेस द्वीपकल्पाचं टोक वेगळं. हे सगळं धरलं की आकडा दोन हजाराकडे सरकतो. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, गावात ५०, आणि कॅमेरे आहेत. मे महिन्यात तरीही जमतं, कारण मेच्या मध्यावर पहाटे चारला उजाडतं आणि रात्री साडेदहानंतर मावळतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र साडेनऊच्या सुमारास सूर्य वर येतो आणि पाचच्या आत जातो. उजेड जेमतेम साडेसात तास. तेच वेळापत्रक, तीच ठिकाणं, तेवढीच अंतरं, फक्त तारीख बदलून दिवाळीला विकली जातात. या पॅकेजचा सगळ्यात मोठा दोष तो हाच.

दुसरी गफलत पत्रकातल्या फोटोंत आहे. लांडमानालाउगारचे रंगीत डोंगर आणि हिरवे नॉर्दर्न लाइट्स एकाच पानावर छापलेले असतात. लांडमानालाउगार पठारावर आहे आणि तिथे जाणारे ‘एफ’ नंबरचे रस्ते बर्फ वितळल्यावर, साधारण जूनच्या मध्यापासून पुढे एकेक करून उघडतात आणि सप्टेंबरात पुन्हा बंद व्हायला लागतात. मे महिन्यात ते बंदच. उघडे असले तरी एफ रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह सक्तीची, आणि पॅकेजमधली गाडी बहुतेक वेळा साधी टू-व्हील ड्राइव्ह हॅचबॅक असते. लाइट्ससाठी अंधार लागतो. ते दिसतात साधारण सप्टेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. मेच्या उत्तरार्धात रात्र पुरती काळी होतच नाही. दोन्ही एका सहलीत हवं असेल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य हा काळ उत्तम. आता गणपतीत घर सोडून कोण जाणार, हा प्रश्न आहेच.

हवेबद्दल पत्रक फक्त ‘थंड हवामान, उबदार कपडे आणावेत’ एवढंच सांगतं. थंडी हा तिथला खरा त्रास नाहीच. राजधानी रेक्याविक ६४ अंश उत्तरेला असूनही समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास राहतं. जुलैचं ११-१२ अंश. निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटवणाऱ्याला हे आकडे घाबरवणार नाहीत. घाबरायचं ते वाऱ्याला. तिथलं हवामान खातं वारा मीटर प्रति सेकंदात सांगतं, म्हणून ३.६ ने गुणायची सवय लावा. १५ मीटर म्हणजे ताशी ५४ किमी, २० म्हणजे ७२, २५ म्हणजे ९०. हा झाला सरासरी वारा. झोत याच्या बराच वर जातो. १५ च्या पुढे उंच कॅम्पर व्हॅन चालवू नये. २० च्या पुढे लहान गाडीसुद्धा लेनमध्ये ठेवायला दोन्ही हात लागतात. डोंगरकुशीतून वारा दाबून बाहेर पडतो त्या जागा ठरलेल्या आहेत: रेक्याविकच्या उत्तरेला क्यालारनेस, पुढे हाफ्नारफ्याल, दक्षिणेला एयाफ्याल डोंगराचा पायथा, आणि व्हाटनायोकुल हिमनदीखालचा ओराइफी भाग. पॅकेजचा तिसरा आणि चौथा दिवस यातल्या शेवटच्या दोन जागांमधून जातो आणि वेळापत्रकात त्यासाठी अर्धा दिवसही मोकळा सोडलेला नाही.

कपड्यांचं थोडक्यात. छत्री घरीच ठेवा. आपल्या पावसाळ्यातला पातळ रेनकोट तिथे फडफडून फाटतो. वर शिवणी सील केलेलं, टोपी घट्ट आवळता येणारं जॅकेट आणि तसलीच पँट, आत लोकरीचा थर, मध्ये फ्लीस. जीन्स एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. दिवाळीला जात असाल तर बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे खिळे हवेतच; धबधब्यांच्या पायवाटांवर तुषार गोठून काच होते.

आता गाडी. पॅकेजमध्ये ‘विमा समाविष्ट’ लिहिलेलं असतं, आणि ते खरं असतं, पण तो बहुधा फक्त मूळ सीडीडब्ल्यू, म्हणजे गाडीच्या नुकसानीचा प्राथमिक विमा. त्यात नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा तुमच्याच माथी असतो. आइसलँडमध्ये नुकसान होतं ते ठरावीक तीन प्रकारांनी. समोरच्या गाडीने उडवलेल्या खडीने काच आणि दिव्यांना टवके जातात. त्यासाठी जीपी नावाचं ग्रॅव्हल कव्हर आहे. दक्षिणेच्या मिरदाल्ससांडुर आणि स्केदारारसांडुर या काळ्या वाळवंटांत वादळ उठलं तर वाळू आणि जुनी ज्वालामुखीची राख गाडीच्या एका बाजूचा रंग घासून काढते, त्यासाठी एसएएपी हे वाळू-राखेचं कव्हर. ही दोन्ही जास्तीचे पैसे भरून घ्या, दक्षिणेतून जाणाऱ्याने तर नक्कीच. तिसरा प्रकार दाराचा. मागून वारा असताना दार उघडलं की ते हातातून सुटून पुढच्या बाजूला उलटतं, बिजागरी वाकते, पुढचा पत्रा चेपतो. हे नुकसान बहुतेक विम्यांत येत नाही. उपाय फुकट आहे. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा, म्हणजे वारा दार बंद करायला बघेल. काच थोडी खाली घेऊन चौकटीला धरून उघडा, आणि एका वेळी एकाच बाजूचं दार.

गाडी ताब्यात घेताना पंधरा मिनिटं हट्टाने घ्या. चारही दारं पूर्ण उघडून बिजागरीजवळची फट वर-खाली सारखी आहे का पाहा. आधीच्या कुणाचं दार उलटलं असेल तर तिथे रंगाला बारीक सुरकुती पडलेली दिसते. समोरच्या काचेवर टॉर्च तिरकी धरून टवके शोधा, बॉनेटची पुढची कड, दिवे, चाकांच्या कमानी, दाराखालची पट्टी, सगळ्याचे फोटो काढा, आणि प्रत्येक टवका कागदावर लिहून घ्या. गाडी ओली असेल तर आधी पुसायला सांगा, पाण्याखाली ओरखडे लपतात. नोव्हेंबरात टायरला खिळे आहेत का ते बोटाने चाचपून बघा. खिळ्यांचे टायर १ नोव्हेंबर ते १४ एप्रिल चालतात. दिवाळीच्या गाडीला ते हवेतच, आणि पत्रकात त्याचा उल्लेख नसतो. गिअर ऑटोमॅटिक मागा. स्टिअरिंग डावीकडे, चालायचं उजवीकडे, त्यात डाव्या-उजव्या हाताची गिअरची भानगड नको. चूक वर्दळीत होत नाही, तिथे समोरचा वाहनवाला आपोआप वाट दाखवतो. ती होते रिकाम्या पेट्रोल पंपातून बाहेर पडताना.

नियमांत आपल्याला अनोळखी असे थोडेच. दिवसाही दिवे चालू. दोन लेनच्या चौकातल्या गोल चक्करमध्ये आतल्या लेनवाल्याला बाहेर पडण्याचा पहिला हक्क. रिंग रोडवर अजूनही एकपदरी पूल आहेत. जो पुलाच्या जवळ आधी पोचला तो जातो, दुसऱ्याने अलीकडच्या मोकळ्या जागेत थांबायचं. उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या असतात आणि आई रस्त्याच्या एका बाजूला, कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं की कोकरू पळत येणार हे गृहीत धरा. रस्ता सोडून गाडी माळावर घालणं गुन्हा आहे, दंड जबर.

मार्गाचा क्रम मात्र मनापासून आवडला. दक्षिणेपासून सुरुवात करून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात, त्यामुळे दाटीची ठिकाणं पहिल्या चार दिवसांत आटोपतात आणि पूर्व-उत्तर भागात माणूस निवांत होतो. बदल हवा तो पहिल्या दिवसात. रात्रीचं मुंबईचं विमान, मध्ये युरोपात बदली, आणि उतरल्या उतरल्या गोल्डन सर्कल, असं लिहिलेलं असतं. रेक्याविक विमानतळापासून ५० किमीवर आहे. पहिली रात्र तिथेच मागा आणि थिंगवेट्लिर, गेसिर, गुल्फॉस दुसऱ्या दिवशी करा. गेसिरजवळचा स्ट्रोक्कुर हा गरम पाण्याचा फवारा दर पाच-दहा मिनिटांनी उसळतो, त्यामुळे तिथे घाई लागत नाही. थिंगवेट्लिरला थोडा वेळ जास्त ठेवा. उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट वर्षाला साधारण दोन सेंटीमीटरने एकमेकांपासून दूर जातायत, ती खचलेली दरी इथे पायी ओलांडता येते, आणि ९३० साली भरलेली तिथली लोकसभाही याच कड्याखाली.

तिसऱ्या दिवशीचा रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा. तिथे माणसं मेली आहेत, आणि ती पोहताना नव्हे, लाटांकडे पाठ करून फोटो काढताना. शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक एक लाट नेहमीपेक्षा कितीतरी वर येते, पाय ओढून नेते. पार्किंगजवळ सिग्नलसारखा दिवा आहे. लाल असेल तर खाली उतरू नका, पत्रकात काहीही लिहिलेलं असो. चौथ्या दिवशीचा योकुलसारलोन, हिमनगांचं सरोवर, पॅकेजमध्ये ‘बोट राइडसह’ विकतात. बोटी साधारण मे ते ऑक्टोबर चालतात. दिवाळी नोव्हेंबरात आली की बोट नाही, तेव्हा त्याचे पैसे वजा करून मागा. बदल्यात बर्फाच्या गुहेचं आमिष दाखवलं तर ती थंडीच्या महिन्यांतच आणि परवानाधारक गाइडसोबतच करायची. ऑगस्ट २०२४ मध्ये याच भागातल्या ब्रेदामेर्कुरयोकुलवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा जीव गेला.

हॉफ्नहून एगिल्सस्तादिरला जाताना नकाशाचं ॲप ओक्सी घाटाचा ९३९ नंबरचा रस्ता सुचवतं. साठ-सत्तर किमी वाचतात, पण रस्ता खडीचा, चढ तीव्र, वर धुकं, हिवाळ्यात बंद. समुद्राकाठचा रिंग रोडच धरा. एगिल्सस्तादिरला टाकी पूर्ण भरा, पुढे म्यीवाट्न सरोवरापर्यंतच्या दीडशेहून जास्त किमीच्या पठारात वस्ती जवळजवळ नाही. देत्तिफॉसला पश्चिमेचा ८६२ नंबरचा रस्ता डांबरी आहे, पूर्वेचा ८६४ खडीचा. पत्रकातला नकाशा पूर्वेचा दाखवत असेल तर दुरुस्त करून घ्या. म्यीवाट्नला उन्हाळ्यात चिलटांचे थवे असतात, तोंडावर घ्यायची जाळी सोबत ठेवा. जवळच्या हवेरीर इथे चिखल उकळत असतो. दोरीच्या आतच चाला, पांढरट-पिवळ्या मातीचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली पाय भाजेल इतकी वाफ.

आकुरेयरीच्या अलीकडे वाद्लाहेइदीचा बोगदा लागतो, ७.४ किमी, २०१९ पासून चालू. टोलनाका नाही, फास्टॅग नाही, थांबायला जागाही नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे वेबसाइटवर २४ तासांत भरायचे. विसरलात तर बिल गाडीवाल्या कंपनीकडे जातं आणि ती स्वतःचं शुल्क चढवून कार्डातून कापते. बऱ्याच धबधब्यांच्या पार्किंगलाही हीच पद्धत, ‘पार्का’ ॲप घरूनच घेऊन ठेवा.

सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना इथला दगड परका वाटत नाही. ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर ज्या बेसॉल्टचे, तोच हा. फक्त आपला सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, पावसाने झिजून काळ्या मातीत उतरलेला, आणि तिथला सगळ्यात जुना दगडही दीड-पावणेदोन कोटींच्या पलीकडचा नाही. वीक गावाच्या पुढे रिंग रोड १७८३ च्या लाकी उद्रेकाच्या लाव्ह्यातून जातो. त्यावर टेकायलाही मऊ वाटेल असं जाड शेवाळ आहे. त्याच्यावर पाय देऊ नका, एक पाऊल भरून यायला त्याला कित्येक वर्षं लागतात.

‘जिवंत ज्वालामुखी दर्शन’ ही ओळ ज्या पत्रकात असेल ती खोडून मगच सही करा. रेक्यानेस द्वीपकल्पावर २०२१ पासून उद्रेक होतायत. ग्रिंडाविक गाव १० नोव्हेंबर २०२३ ला रिकामं केलं आणि त्या डिसेंबरपासून सुंदनुकुरच्या भेगांमधून पुन्हा पुन्हा लाव्हा आला. उद्रेक कधी काही दिवस चालतो, कधी काही आठवडे, मधे महिनोन् महिने काही नसतं. तारीख देणं कुणाच्याच हातात नाही. उलट धास्तीही नको. २०१० मध्ये एयाफ्यालायोकुल बर्फाखाली फुटला, तापलेला मॅग्मा आणि वितळलेलं पाणी भिडून बारीक राख उडाली, म्हणून युरोपची विमानं बसली. रेक्यानेसच्या भेगांवर बर्फ नाही, लाव्हा वाहतो, राख नगण्य. विमानतळ चालू राहिला. अडतो तो ब्लू लगून, कारण तो त्याच पट्ट्यात आहे आणि नोव्हेंबर २०२३ पासून अनेकदा रिकामा करावा लागलाय. पॅकेजमध्ये त्याचं तिकीट असेल तर परताव्याची अट लेखी घ्या, किंवा त्याऐवजी म्यीवाट्नचं गरम पाण्याचं कुंड मागा. जाताना चांदीची चेन, पैंजण, जोडवी काढून ठेवा, गंधकाने काळी पडतात. सार्वजनिक तलावात उतरण्याआधी कपडे न घालता साबणाने अंघोळ सक्तीची आहे. गटातल्या बायकांना हे आधीच सांगितलेलं बरं. काही ठिकाणी बंद कप्पे असतात, ते विचारा.

मुक्कामांबद्दल तक्रार नाही. गेस्टहाउस साधी, स्वच्छ, तापवलेली. नळाच्या गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो भूगर्भातल्या पाण्याचा. प्यायला थंड नळ उघडा, बाटली विकत घेऊ नका. ‘भारतीय जेवण’ रेक्याविकबाहेर फारसं धरून चालू नका. बोनुस किंवा क्रोनान या सुपरमार्केटांतून ब्रेड, स्किर (दह्यासारखं असतं), फळं घ्या आणि खोलीत किटली आहे का विचारा. घरून थोडे खाद्यपदार्थ नेता येतात: चिवडा, मेतकूट, उपम्याचं पीठ चालेल, दुधाचं किंवा मांसाचं काही नको. तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर लागेल.

कागदपत्रांत एजन्सी चोख असतात, तरी तीन गोष्टी स्वतः बघा. तिकीट लंडनमार्गे स्वस्त दिसलं तर थांबा. ब्रिटन शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटात) नाही आणि भारतीय पासपोर्टला तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो. शेंगेन देशातून बदली असेल तर इमिग्रेशन तिथेच होतं, मध्ये किमान अडीच-तीन तास हवेत. आंतरराष्ट्रीय परवाना पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म ४ए वर मिळतो, फी १,००० रुपये. पासपोर्टसोबत व्हिसा दाखवायची अट होती, ती २०२१ मध्ये काढली. आणि क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं, चार आकडी पिन पाठ, बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू केलेले. पंपावर माणूस नसतो. मशिन पिन मागतं. ‘टाकी फुल’ निवडलं तर ते मोठी रक्कम अडवून ठेवतं, म्हणून आकडा टाकून भरा.

रस्त्यावर खरी साथ मिळते ती फुकटच्या सरकारी सेवांची, आणि पत्रकात त्यांचं नावही नसतं. रस्त्यांसाठी ‘उमफेर्दिन’ आणि १७७७ हा नंबर, हवेसाठी ‘वेदूर’, सूचनांसाठी ‘सेफट्रॅव्हल’, संकटात ११२. यांना पाचपैकी पाच. इशारे पिवळा, नारिंगी, लाल. सकाळी निघण्याआधी आणि दुपारी एकदा, असं दोनदा बघायचं. पिवळ्यात वेळ बदला, नारिंगीत मुक्काम हलवू नका. बंद रस्त्यावर गेलात तर विमा हात वर करतो.

म्हणून पैसे भरण्याआधी एजन्सीकडून चार गोष्टी लेखी घ्या: दक्षिणेत एक जास्तीची रात्र (स्नाइफेल्सनेस वगळलं तरी चालेल), जीपी आणि एसएएपीसह विमा, दिवाळीला खिळ्यांचे टायर, आणि इशाऱ्यामुळे मुक्काम चुकला तर पैसे कोणाचे जातील. परत आल्यावर महिनाभर ते कार्ड बंद करू नका आणि एसएमएस बघत राहा. पार्किंग, बोगदा, वेगाचा दंड हे सगळं मागाहून येतं, आणि गाडी देतानाचे फोटो जवळ असतील तरच टवक्याच्या बिलावर वाद घालता येतो.